वणीची माती

बैलहोंगलच्या एरी जमिनीत पावसाळ्यात पाय टाकला की पाय वर येतो आणि चप्पल आतच राहते, हे आपल्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. तीच चिकट काळी माती मला यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला पुन्हा भेटली. मिरजेला महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडायची, वर्ध्याला उतरायचे आणि पुढे एस.टी. पुतणीचे सासर तिथले, म्हणून जाणे झाले.

कापूस, तूर, सोयाबीन असा सपाट मुलूख. आणि त्यात मध्येच डोंगर! हे डोंगर देवाने केलेले नव्हेत. कोळशासाठी खणताना वर निघालेल्या दगडमातीचे ते ढिगारे. तिकडे त्याला सगळे 'ओबी' म्हणतात, म्हणजे ओव्हरबर्डन. कोळशाच्या डोक्यावरचे ओझे! या एका शब्दात काळी मातीही गेली, याचे मला जरा वाईट वाटले.

जावईबापू एका उघड्या खाणीत नोकरीला आहेत. त्यांनी परवानगी काढली आणि डोक्यावर हेल्मेट चढवून आम्हाला कडेपर्यंत नेले. बरोबर व्याहीही होते. (कानडी सुनेच्या माहेरचा माणूस म्हणून मी त्यांना 'बीगरु' म्हणायला शिकवले आहे. ते 'बिगारी' म्हणतात आणि हसतात.) खाली पाहिले तर जमीन थराथराने कापलेली. तळाशी कोळसा, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. त्यावर वाळूचा दगड, मग पिवळट माती आणि अगदी वर एक काळी रेघ. एवढ्या उंच कड्यावर ती रेघ किती बारीक दिसते! आपली ज्वारी, कापूस सगळे त्या रेघेवर उभे असते.

खाण सुरू करताना ही रेघ आधी खरवडून घ्यायची असते. डोझरने माती ओढायची, डंपरात भरायची आणि वेगळ्या जागी रचायची. एकदा का ती दगडात मिसळली की पुन्हा निवडता येत नाही. ओली असताना तर हातच लावायचा नाही. अवजड यंत्राखाली काळी माती दाबली गेली की विटेसारखी होते. जावईबापू हे समजावत होते, तेव्हा व्याही मध्येच म्हणाले, "म्हंजे वाफसा पाहूनच." मला आपल्याकडचा 'हद' आठवला. शेतकऱ्याला जे बोटांनी कळते तेच इथे नियमात लिहिलेले.

पुढे मातीचा साठा पाहिला. ढीग फार उंच नव्हता, भोवती चर खणलेला आणि वर ताग, धैंचा उगवलेला. हिरवळ पाऊस झेलते, माती वाहून जात नाही. पण खरी गोष्ट आत आहे. मूठभर सुपीक मातीत जिवाणू असतात, मुळांशी सख्य करून राहणारी बुरशी असते, गवताचे बी असते, गांडुळे असतात. ढीग उंच केला की वरच्या थराखाली हवा पोचत नाही. बुरशी घटते, बी कुजते, गांडुळे मरतात. बाहेरून ढीग तसाच काळाभोर दिसतो. धान्य कोठारात ठेवावे तशी माती ठेवता येत नाही. ती दुभत्या जनावरासारखी आहे, नुसती बांधून ठेवली तर आटते. म्हणून पर्यावरण मंजुरीच्या अटींतच असते की काढलेली माती फार काळ पडून राहू नये. उत्तम म्हणजे साठवूच नये. एकीकडून काढावी आणि दुसरीकडे भरून झालेल्या खड्ड्यावर लगेच पसरावी.

पण नव्या खाणीत भरून झालेला खड्डा असतोच कुठे? पहिल्या कापाची माती बाहेरच रचावी लागते, आणि सर्वांत जास्त वर्षे तीच वाट पाहते. व्याह्यांचे शेत त्या पहिल्या कापात गेले.

१९५७ च्या कोळसा-जमिनीच्या कायद्याने घेतलेली जमीन सरकारची होते. मोबदला मिळतो, आणि कोल इंडियाच्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी आहे. जावईबापूंची नोकरी तीच. घर पक्के झाले, नातवंडे शिकतात. व्याह्यांची तक्रार नाही. ढिगाकडे पाहत ते एवढेच म्हणाले, "माती इथंच हाय म्हनतेत जी. पन माही कोनती, थे कोन सांगन?"

मला उत्तर सुचले नाही. आपल्याकडे मण्णेत्तिन अमावास्येला मातीचे बैल करून पुजतात, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला पोरांचे बैल लाकडाचे. मग क्षणभर थांबून, "मातीचे केले असते तर एक जोडी ठिवली असती."

परत येताना जावईबापूंनी भरलेल्या खड्ड्याची बाजू दाखवली. दगडाच्या भरावावर काळी माती पसरून बाभूळ, शिसव, कडुनिंब लावलेले. काही झाडे डोक्यावर गेलेली, काही खुरटी. ओघळ पडलेल्या ठिकाणी खालचा दगड दिसत होता. तिथे गवतही नव्हते. एवढा फरक हातभर मातीचा.

व्याही उकिडवे बसले. ढेकूळ उचलून चुरले, वास घेतला, पुन्हा चुरले. माती दाण्यादाण्याने न सुटता खड्यांसारखी फुटत होती. त्यांनी ती खाली टाकली नाही, जागच्या जागी नीट ठेवली. मग मुलाला म्हणाले, "तुह्या सायबाले सांग, दोन पावसाळे निस्ता ताग पेरा अन् गाडा. झाडं मागून."

जावईबापूंनी खिशातली डायरी काढून ते लिहून घेतले.