कधी संपणार?

आमच्या धर्मग्रामात दर जूनअखेर गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात खुर्च्या मांडल्या जातात आणि दहावी-बारावी उत्तीर्ण झालेली मुले, नव्या परिचारिका, अभियंते यांना प्रमाणपत्र, एक पेन आणि आमचे दहा मिनिटांचे भाषण लाभते. पेन पुढे उपयोगी पडते, असे पालक आवर्जून सांगतात. भाषणाविषयी ते सौजन्याने मौन पाळतात.

2023 सालच्या सत्काराच्या वेळी मागच्या रांगेत आमच्याच धर्मग्रामातली एक कन्या बसली होती. धाकट्या भावाचे कौतुक पाहायला ती आली होती. वसईच्या वाड्यांमधील बावखलांच्या पाण्यावर ती पीएच.डी. करीत होती. तिला पाहून आम्हांला विनोद सुचला. ध्वनिक्षेपकावरूनच आम्ही विचारले, "काय गं, तुझा सत्कार कधी करायचा? कधी संपणार तुझं शिक्षण?" सभागृह हसले. तीही हसली. आपला विनोद साधला, अशा समाधानात आम्ही भोजन केले.

त्यानंतर आठ-दहा रविवार ती दिसली नाही. एके दिवशी तिची आई कार्यालयात आली. मिस्साच्या मागणीची पावती घेतली, उठली आणि दाराशी थांबून म्हणाली, "फादर, राग मानू नका. तिला सगळेच विचारतात. नातेवाईक विचारतात, गाडीत भेटणारे विचारतात. पण तुम्ही माइकवर विचारलंत." एवढे बोलून ती माउली निघून गेली. त्या रात्री आम्हांला लवकर झोप आली नाही.

आपल्या कुटुंबांना शाळा-कॉलेजचे शिक्षण कळते. त्याला वेळापत्रक असते, परीक्षा असते, निकाल असतो आणि निकालाला पेढे असतात. संशोधनाचे तसे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात आणि कमाल सहा वर्षे मिळतात. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची मुभा मिळू शकते. आरंभी किमान 12 श्रेयांकांचा अभ्यासक्रम, मग दर सहामाहीस समितीपुढे प्रगतीचा हिशेब, शेवटी प्रबंध आणि तोंडी परीक्षा. मधली तीन-चार वर्षे मात्र कोणी गुण देत नाही, कोणी पेढे वाटत नाही. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधक अधिछात्रवृत्ती मिळाली, तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळू लागले. ज्यांना ती मिळत नाही, ते कुठेतरी तासिका तत्त्वावर शिकवून भाडेखर्च भागवतात. बरोबरीचे मित्र आखाती देशांत स्थिरावलेले असतात, मैत्रिणींच्या मुलांचे बाप्तिस्मे होत असतात आणि आपले हे माणूस अंधेरीला गाडी बदलून सांताक्रूझला उतरते, कालिन्याच्या ग्रंथालयात बसते आणि रात्री घरी आल्यावर त्याच प्रश्नाला सामोरे जाते : कधी संपणार?

वाचकहो, येथे आम्हांला एक कबुली दिली पाहिजे. आमच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी आहे. तीत आमच्या अपुऱ्या प्रबंधाची टिपणे आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी वरिष्ठांनी आम्हांला उच्च शिक्षणासाठी पुण्यास धाडले होते. पहिली पदवी वेळेत झाली. डॉक्टरेटचे काम सुरू झाले आणि दुसऱ्या वर्षी लेखणी अडली. सलग आठ महिने आम्ही एक पानही लिहिले नाही. रोज मेजाशी बसत होतो, पुस्तके मांडत होतो, पेन्सिलींना टोक करीत होतो. मार्गदर्शकांना सांगावयाची लाज वाटे. सोबतच्या गुरुबंधूंना "ठीक चाललंय" असे सांगत होतो. पुढे धर्मग्रामात नेमणूक झाली, तेव्हा आज्ञापालनाचे पांघरूण ओढून आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. लोकांना वाटले, फादरांनी सेवेसाठी विद्येचा त्याग केला. आम्ही कोणाचाही गैरसमज दूर केला नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे कधीच नव्हते, तोच प्रश्न आम्ही त्या मुलीला चारशे माणसांदेखत विचारला होता.

आम्ही तिच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. तिला संकोच वाटला. चहा घेताना आम्ही विचारले, "तुला कशाची मदत होईल?" आम्हांला वाटले, ती पैशाचे सांगेल. ती म्हणाली, "फादर, एक खोली मिळेल का? आम्ही आसपासच्या गावांतले पाच-सहाजण आहोत. घरी बसून लिहिणं होत नाही. एकत्र बसलो तर होतं."

शाळेच्या जुन्या इमारतीतील एक वर्ग आम्ही उघडून दिला. 2024 च्या ऑक्टोबरात त्याच वर्गात दोन दिवसांची कार्यशाळा झाली. शेजारच्या गावचे एक निवृत्त प्राध्यापक ती चालवायला आले. आम्ही उद्घाटनाची प्रार्थना करून निघणार होतो. मागच्या बाकावर बसलो ते दोन्ही दिवस उठलो नाही.

शिकवले जात होते ते अगदी साधे होते. वाचलेल्या लेखाचे टिपण त्याच दिवशी करावे. संदर्भांची यादी झोटेरोसारख्या संगणकीय साधनात पहिल्या दिवसापासून ठेवावी, शेवटच्या महिन्यात शोधाशोध करू नये. दुसऱ्याचे वाक्य घेतले तर त्याचे नाव त्याच क्षणी लिहावे, कारण 2018 च्या नियमांनुसार प्रबंधातील साधर्म्य दहा टक्क्यांच्या पुढे गेले की अडचणी सुरू होतात. मार्गदर्शकांकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, एक पान का होईना घेऊन जावे; आणि ते जे बोलतील ते लिहून घेऊन त्यांना परत दाखवावे. मग पाऊण तास सर्वांनी निमूट लिहायचे, दहा मिनिटे चहा, पुन्हा पाऊण तास. पंचवीस वर्षांपूर्वी हे कोणी आम्हांला सांगितले असते, तर! पण खरे म्हणजे, आम्ही कोणाला विचारले होते?

पहिल्या दिवशी सायंकाळी प्रत्येकाने आपले संशोधन तीन मिनिटांत सांगायचे होते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने 2008 साली ही रीत सुरू केली. येथे अट एवढीच होती, की घरच्यांना कळेल अशा मराठीत बोलायचे. ऐकायला घरची माणसे आली होती. आमची कन्या उठली. समुद्राजवळच्या वाडीत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर कसा तरंगत असतो आणि वरचे पाणी फार उपसले की खालचे खारे कसे वर चढते, हे तिने सांगितले. तेवढ्यात पानवेलींची बाग केलेले एक वृद्ध मागून म्हणाले, "आमच्या बावखलावर रहाट होता तोवर पाणी गोड. पंप बसवला आणि दोन उन्हाळ्यांत मचूळ झालं."

तिने चटकन वही उघडली. "आजोबा, कोणत्या वर्षी हो?"

"वर्ष कोण ध्यानात ठेवतंय! थोरलीच्या लग्नाच्या आदल्या मे महिन्यात."

आम्ही कार्यालयात जाऊन विवाहनोंदवही काढली. लग्न जानेवारी 1988 चे होते. म्हणजे मे 1987. आम्ही वर्गात येऊन तारीख सांगितली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो आमच्या कोणत्याही भाषणाने आजवर कोणाला दिलेला नाही.

दुसऱ्या दिवशीचे शेवटचे सत्र झोप, पैसा आणि घरातल्या कुरबुरी यांविषयी होते. एक तरुण सांगू लागला, की तो वर्षभर घरी 'लिहितोय' म्हणत आहे आणि त्याने फाईल उघडलेलीच नाही. वर्ग स्तब्ध झाला. मग दुसऱ्या एकीने हळूच हात वर केला. मग आणखी एकाने. मागच्या बाकावरून आम्हीही केला आणि आठ महिन्यांची हकिगत सांगितली. पुण्याहून परतल्यापासून ती आम्ही कोणासमोर उच्चारली नव्हती.

संत थॉमस अक्वायनस यांना आपण एकट्याने विचार करणारा महापंडित मानतो. परंतु ते लेखनिकांना मजकूर सांगत असत आणि बंधू रेजिनाल्ड नावाचा सोबती सतत त्यांच्याजवळ असे. डिसेंबर 1273 मध्ये त्यांनी लेखणी ठेवली, तेव्हा पुढे लिहा म्हणून विनवणारा हा रेजिनाल्डच होता. 'सुम्मा' अपूर्ण राहिली, ती राहिलीच. अपुरेपणाही एकट्याने सोसू नये, एवढे आम्ही त्यातून घेतो.

आता दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तो वर्ग उघडा असतो. कधी सहाजण येतात, कधी दोघेच. आईबापांना आमचे एवढेच सांगणे आहे : अशा मुलामुलींना घरात एक मेज द्या, लिहिण्याच्या वेळी बाजारात पिटाळू नका आणि 'कधी संपणार' याऐवजी 'आज काय लिहिलंस' असे विचारून पाहा. उत्तर कळले नाही तरी ऐका. पुढच्या सत्काराला आम्ही त्या कन्येला व्यासपीठावर बोलावले आणि हाच प्रश्न विचारला. तिने तीन मिनिटे सांगितले. प्रबंध अजून व्हायचा होता, तरीही टाळ्या झाल्या.

पेटी आम्ही उघडली आहे. बरीच टिपणे कसरीने खाल्ली. डॉक्टरेट आता होणे नाही, परंतु उरलेल्या टिपणांतून एखादा लेख निघेल असे वाटते. म्हणून शनिवारी आम्हीही मागच्या बाकावर वही घेऊन बसतो. परवा चहाच्या वेळी ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "फादर, तुमचं कधी संपणार?"

वर्ग खळखळून हसला. आम्ही वही पुढे केली आणि म्हणालो, "आज दीड पान झालं."