मोजदाद

बारडोलीच्या चहूकडे उसाची शेते आहेत. दिवाळी सरली की साखर कारखान्याची चिमणी धूर सोडू लागते आणि उसाने लादलेले ट्रक आमच्या शाळेच्या फाटकावरून धावू लागतात. गेल्या हंगामात अशाच एका सकाळी आठवीतील एक मुलगी वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन माझ्या खोलीत आली. विज्ञान प्रदर्शनासाठी त्यावरचे कण तिला मोजायचे होते. मी पडलो मराठीचा एम. ए.; बडोद्यास शिकलो आणि नोकरीच्या ओघात गुजराती माध्यमाच्या सरकारी शाळेचा मुख्याध्यापक झालो. परंतु विज्ञानशिक्षक रजेवर होते, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आले.

तो पुठ्ठा म्हणजे ऊसवाल्यांच्या परिचयाचे ट्रायकोकार्ड. ट्रायकोग्रामा नावाची एक परोपजीवी माशी आहे. आकाराने एक मिलिमीटरहूनही लहान. उसाच्या खोडकिडीची अंडी हुडकून ती त्यांत आपले अंडे घालते, आणि कीड जन्मण्यापूर्वीच संपते. प्रयोगशाळेत तिला तांदळातील पतंगाची अंडी पुरवतात. ती पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलेली असतात. पूर्ण कार्डावर सुमारे 20,000. माशीने ज्यात आपले अंडे ठेवले ते अंडे तीन-चार दिवसांत काळे पडते. किती अंडी काळी झाली यावरून कार्डाचा कस ठरतो, आणि म्हणून मोजणे आले.

दोन सेंटिमीटरचा चौरस आखून आम्ही भिंगातून मोजू लागलो. मुलीला 487 काळी अंडी मिळाली, तिच्या मैत्रिणीला 512, आणि मला 463. चष्म्याचा नंबर वाढल्याचे आमच्या सौभाग्यवतींनी आधीच बजावले होते. त्यावर शाळेत शिक्कामोर्तब झाले.

मग मुलींनी शाळेच्या संगणकाचा आश्रय घेतला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील वेन रास्बँड यांनी तयार केलेली 'इमेजजे' नावाची प्रणाली 1997 पासून जगभर विनामूल्य उपलब्ध आहे. तिची रीत मला मोठी मौजेची वाटली. कार्डाचे छायाचित्र ती प्रथम करड्या रंगाच्या 256 छटांत उतरवते. अमुक छटेहून गडद ते अंडे, फिकट ते कागद, अशी रेघ आपण आखून द्यायची; मग ती एकेक डाग मोजत जाते. पहिला आकडा आला 371. एकमेकांना बिलगलेली दोन-तीन अंडी तिने एकच धरली होती. जुळे डाग विलग करण्याची सोय वापरताच आकडा 529 झाला. आता धुळीचे कणही अंडी म्हणून मिरवू लागले होते. तेव्हा अमुक आकाराहून लहान ते सोडून द्यावे, अशी मर्यादा घातली. उत्तर आले 498.

मुलगी चिवट. तिने छायाचित्र मोठे करून छापले आणि प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीची खूण करीत पुन्हा मोजले. 501 भरली. तीन अंडी आकसलेली होती. ती मर्यादेखाली गेली होती.

"साहेब, ही मर्यादा कोणी ठरवली?" तिने विचारले.

"आपणच की."

"मग ती तीन अंडी नव्हतीच, असे लिहायचे का?"

मी हसून वेळ मारून नेली. पण माझ्या टेबलाच्या खणात शाळाबाह्य मुलांच्या माहितीच्या तक्त्याची प्रत होती, आणि ती मला आठवली.

ऊसतोडीसाठी आमच्याकडे डांगातून आणि आपल्या खानदेशातूनही मजूर येतात. शेतांच्या कडेला त्यांचे पडाव पडतात. त्यांची गणती माणसांवर होत नाही, कोयत्यावर होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बिलगलेली दोन अंडी यंत्राने एक धरली, तसाच हा हिशेब. मुले तर त्यात धरलीच जात नाहीत. त्या वर्षी मी पडावावर गेलोच नव्हतो. मुकादमाला किती कोयते आहेत ते विचारले आणि खुर्चीत बसून शाळेच्या वयाची मुले 14 लिहिली. सही माझी, शिक्काही माझाच.

ज्या गावात हे घडले त्या गावाची कीर्ती वाचकांना ठाऊक आहेच. 1927 साली सरकारने येथील शेतसारा 22 टक्क्यांनी वाढवला. तो आकडा गावोगाव फिरून शेतकऱ्याची स्थिती पाहून काढलेला नाही, कागदावरून काढला आहे, हे शेतकऱ्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते. 1928 साली सरदार वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव जाऊन चौकशी केली, तेव्हा वाढ सुमारे 6 टक्केच योग्य ठरली. दरवर्षी मी हा धडा अभिमानाने सांगत आलो. त्याच गावात मी मुलांची मोजणी कागदावरून केली होती!

रविवारी मी पडावावर गेलो. सोबत त्या दोघी मुली आणि एक वही. खोपटागणिक विचारीत, नावे लिहीत आम्ही फिरलो. एका खोपटाशी तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन बसलेली दहा-अकरा वर्षांची पोर होती. आधी ती आमच्याकडे पाहीना. नाव विचारले तेव्हा तिने ते दोनदा सांगितले, आणि आम्ही ते नीट लिहिले की नाही हे वहीत डोकावून पाहिले. तिला वाचता येत नव्हते. सहा ते चौदा वयाची मुले निघाली 31.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयाला दुरुस्तीचे पत्र पाठवले आणि पहिली चूक माझी असल्याचे त्यात नमूद केले. त्या 31 मुलांपैकी 9 मुले पडाव उठेपर्यंत शाळेत येत राहिली. वहीत नाव पाहणारी ती पोर त्यांत नव्हती. धाकट्याला सांभाळणारे दुसरे कोणी नव्हते.

प्रदर्शनात आमच्या मुलींना बक्षीस मिळाले नाही. त्यांच्या तक्त्यावर मात्र दोन ओळी होत्या: यंत्राने मोजली 498; हाताने मोजली 501. तो तक्ता मी माझ्या खोलीत लावला आहे. नवा फॉर्म भरायला बसलो की नजर आधी त्या दुसऱ्या ओळीकडे जाते.