हिशेब दहा गुणांचा

पत्त्यांत हरलेल्या माणसाला एक हक्काचं वाक्य असतं : ‘आज पानंच येईनात हो!’ क्लबातल्या डुप्लिकेट ब्रिजने गरिबाचं तेवढंही वाक्य हिरावून घेतलं आहे. इथे वाटलेली तीच पानं बोर्डात घालून टेबलाटेबलावर फिरवतात. आपल्याच पानांवर दुसऱ्याने काय दिवे लावले, ते रात्री तक्त्यावर चारचौघांना दिसतं.

त्यात गुणांची पद्धत अस्सल मध्यमवर्गीय. तुम्हाला किती मिळाले याला किंमत नाही. शेजाऱ्यापेक्षा जास्त मिळाले का, एवढंच बघायचं! मागे टाकलेल्या प्रत्येक जोडीमागे २, बरोबरीला १, नाहीतर भोपळा. परवा सगळ्यांनी चार इस्पिक बोलून दहा हात केले, गुण ४२०. माझ्या भिडूंनी तीन बिनहुकूम बोलून तेच दहा हात ओढले, गुण ४३०. फरक दहाचा, पण बोर्ड अख्खा आमचा!

वरच्या काही जोड्यांत आलात तर मास्टर पॉइंट. तोही सुखासुखी नाही. सत्र मान्यताप्राप्त हवं, नाव नोंदलेलं हवं, वर्गणी भरलेली हवी. रेशनकार्ड काढणं सोपं! एवढं करून हाती येतो अपूर्णांक.

माझे भिडू अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजचं सुवर्णपदक आणलं. बर्धन तेव्हा साठीचे. तेव्हापासून भिडूंचं ठाम मत, ‘आपल्याला अजून वेळ आहे.’

गेल्या पावसाळ्यात त्यांना इस्पितळात ठेवलं. भेटायला गेलो, तर नाकात नळी असताना पहिला प्रश्न, “वर्गणीची मुदत संपत आली ना? भरून टाका बुवा.”

मुलगा वैतागला. “बाबा, काय मिळतं हो त्या पॉइंटांचं?”

“काही नाही,” भिडू म्हणाले. “पण कितीही हरलो तरी मिळालेला परत घेत नाहीत. तुझी आई गेली, दात गेले, कान चाललेत. वाढतंय ते साखर, बिल आणि एवढंच.”

मुलाने मुकाट्याने खिशातून पाकीट काढलं आणि मला विचारलं, “काका, किती भरायचे?”