अर्ध्या तिकिटात किनारा

सेमिस्टर संपल्यावर गोव्याला जायचं असं हॉस्टेलमध्ये दर वर्षी ठरतं आणि दर वर्षी कॅन्सल होतं. या वेळी आम्ही दोघींनी गोव्याचं नावच काढलं नाही. मी, माझी रूम पार्टनर, दोन सॅक, चार दिवस आणि एसटी. बस्स!

एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ नावाची पासची जुनी योजना आहे, चार किंवा सात दिवसांची. आधी तोच पास काढणार होतो. पण मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट लागतं. पार्टनरने जर्नलच्या मागच्या पानावर हिशोब मांडला आणि पास बाद झाला. मुलांनी मात्र पासचा विचार करावा, त्यांच्याबद्दल आम्हाला पूर्ण सहानुभूती आहे.

माझं घर गोखिवऱ्याला. वसईची म्हटलं की सगळे विचारतात, “मग काय, रोज बीच?” अहो, गोखिवरे पूर्वेला! आमच्या वाट्याला तुंगारेश्वरचा डोंगर, गाळे आणि ट्रॅफिक. समुद्र स्टेशनच्या पलीकडच्यांचा. त्यामुळे वसई रोडहून पनवेल आणि पनवेलहून अलिबाग गाठल्यावर सुरूच्या झाडांमागे पाणी दिसलं, तेव्हा मी खिडकी सोडायलाच तयार नव्हते.

अलिबाग ते मुरूड हा रस्ता डोळे मिटून कोणालाही सुचवावा (प्रवास मात्र डोळे उघडे ठेवून करावा). नागाव, चौल, रेवदंड्याचा पूल, मग कोर्लई, काशीद. कोर्लईला गाडी थांबली तेव्हा मी उगाचच कान टवकारले. इथले ख्रिस्ती लोक अजून पोर्तुगीजपासून तयार झालेली एक वेगळीच बोली घरात बोलतात. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी आमची वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांना चौलही सोडावं लागलं. ते गेले, बोली राहिली. आमच्या शाळेत मराठी बोललं की दंड असायचा, तरी माझं मराठी टिकलं, ते असंच असणार!

पण बोलणं वेगळं आणि एसटीचा बोर्ड वाचणं वेगळं. मी ‘श्रीवर्धन’ अक्षर अक्षर लावेपर्यंत गाडी हलायला लागायची. पार्टनर झेडपीच्या शाळेतली, ती लांबूनच बघून धावत सुटायची आणि मी तिच्या सॅकमागे. चौथ्या दिवशी ‘गुहागर–चिपळूण’ मी तिच्याआधी वाचला. नोंद असावी.

आता जरा सिव्हिलचं. मुंबई–गोवा हायवे समुद्राजवळून का जात नाही, हा प्रश्न मला मुरूडनंतर पडला आणि तिथेच सुटला. सह्याद्रीतून येणाऱ्या नद्या महाड, चिपळूणकडे अरुंद आहेत. तिथे पूल बांधणं सोपं. खाली समुद्राशी त्याच नद्यांच्या रुंद खाड्या होतात. म्हणून किनाऱ्याचा रस्ता दर थोड्या वेळाने एका जेट्टीवर येऊन संपतो. आगरदांड्याला संपला, आम्ही फेरीने दिघीला उतरलो. बागमांडल्याला पुन्हा संपला, समोर वेश्वी. एसटी, फेरी, एसटी, फेरी. सॅक पाठीवर असल्यामुळे आम्हाला मजा वाटत होती.

वेश्वीच्या फेरीत एक मावशी शेजारी बसल्या होत्या. माहेर त्या काठाला, सासर या काठाला. मी सिव्हिलला आहे म्हटल्यावर त्यांनी सरळ विचारलं, “मग पूल कधी बांधतेस?” मला वाटलं गंमत करतात. पण त्या म्हणाल्या, “दिवसाचं ठीक आहे गं. रातचं कोणाला दुखलंखुपलं तर फेरी कुठाय? मग आंबेतवरून वळसा.” बॅरिस्टर अंतुले याच सावित्रीकाठच्या आंबेतचे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना त्यांचीच, १९८० च्या दशकातली. रेवस–करंजा, आगरदांडा–दिघी या पुलांची कामं हाती घेतली गेली ती आत्ता कुठे. मला स्वतःला फेरी आवडली. दोन्ही जेट्ट्यांवरचे चहावालेही पूल झाल्यावर काय करतील कोण जाणे. पण मावशींसमोर हे बोलायची माझी हिंमत झाली नाही, आणि त्यांचंच बरोबर आहे असं मला वाटतं.

मग त्यांनी पाण्याकडे हात केला. “त्या साली एसटीतली माणसं याच नदीतून खाली आली.” २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल पुरात कोसळला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली अशा दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं गेली. कित्येक मृतदेह किनाऱ्यापर्यंत वाहत आले. शेजारचा नवा पूल उभाच होता. मी हे सगळं लेक्चरमध्ये ऐकलं होतं, केस स्टडी म्हणून. पण त्याच नदीवर, तेही एसटीचं तिकीट हातात धरून, ऐकायला वेगळंच वाटलं. नवीन पूल २०१७ च्या पावसाळ्याआधी बांधून झाला, असं मी सांगितलं. मावशी म्हणाल्या, “बांधतात पटकन. मागाहून बघायला कोण येतो?”

आमच्याकडे डिझाइनवर चाळीस मार्कांचे प्रश्न येतात. पुलाची तपासणी शेवटच्या युनिटमध्ये, तीही बहुतेक जण ऑप्शनला टाकतात. वेश्वीला उतरेपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो. मग एसटी आली आणि जागा पकडायच्या नादात विषय मागे पडला.

दापोलीला मुक्काम, सकाळी दाभोळ. दाभोळ–धोपावे फेरी २००३ पासून चालू आहे आणि एवढ्या किनाऱ्यात ती मला सर्वांत जास्त आवडली. गाड्या, म्हशीच्या पेंडीची पोती, शाळेची मुलं, सगळे एकत्र. तिकिटावर कंपनीचं नाव वाचलं (मराठीत, एका दमात): सुवर्णदुर्ग. म्हणजे वसई किल्ला–भाईंदर रो-रो २०२४ मध्ये ज्यांनी सुरू केली तेच हे! गुहागरच्या वाटेवर मम्मीचा फोन आला, “कुठे पोचलीस?” म्हटलं, आपल्याच बोटीतून उतरले.

२०२५ पासून विरारच्या मारंबळपाड्याहून जलसारलाही रो-रो जाते. म्हणजे पुढची ट्रिप उत्तरेला: जलसार, सफाळे, केळवे, जमलं तर डहाणू. रेक्टर मॅडम, अर्ज ऑफिसमध्ये दिला आहे. पार्टनरची सहीही त्यावर आहे.