फुगवट्याचे गणित

धरणाच्या फुगवट्याचे गणित धरणापाशी सुरू होते आणि नदीच्या उलट, वरच्या अंगाला चढत जाते. नर्मदेवरच्या सरदार सरोवराची पूर्ण संचय पातळी 138.68 मीटर, जलाशयाची लांबी 214 किलोमीटर. नकाशावर तो सपाट दिसतो. पुराच्या पाण्याला पुढे सरकायला मात्र उतार लागतो, म्हणून धार जिल्ह्यात चिखल्दा, निसरपूर, धरमपुरीकडे पाणी धरणापाशी असते त्यापेक्षा उंच उभे राहते. देवास जिल्ह्यात नेमावरची पातळी अशीच इंदिरा सागरच्या 262.13 मीटरपासून वर मोजत न्यावी लागते.

एका आडव्या छेदावरून वरच्या छेदावर ऊर्जेचा हिशेब जुळवत नेणे हेक-रास हे सॉफ्टवेअर चोख करते. घोळ असतो तो छेदात. उपग्रहाच्या उंची-नकाशावरून खुर्चीत बसून छेद काढण्याची रीत हल्ली सर्रास झाली आहे. त्या नकाशाला पाण्याचा पृष्ठभाग दिसतो, तळ दिसत नाही. तळासाठी बोट आणि इको साउंडर घेऊन पात्रात उतरावेच लागते, तेही पुन्हापुन्हा, कारण जलाशयाच्या शेपटाकडे वेग मंदावतो आणि गाळ तिथेच बसतो.

सगळ्यात चिवट जागा उपनदीच्या तोंडाची. निसरपूर उरी-बाघनीच्या काठी आहे. नर्मदेला काटकोनात टाकलेली छेदरेषा तिथे उपनदीच्या खोऱ्यात शिरते, आणि सॉफ्टवेअर ती सारी रुंदी वाहती धरते. प्रत्यक्षात त्या फाट्यात पाणी भरते आणि थांबते. थांबलेले पाणी वाहते धरले की छेद मोठा होतो, घर्षण कमी निघते आणि वरच्या गावांची पातळी खाली येते. म्हणून तो भाग निष्प्रवाही दाखवायचा. पण हद्द कुठे आखायची? लहान पुरातली हद्द मोठ्या पुरात टिकत नाही. उपनदीला स्वतःचा पूर आला तर तिथले पाणी नर्मदेपेक्षाही वर चढते. ही हद्द काठावर उभे राहून, गावकऱ्यांना विचारूनच ठरते.

छेदातल्या या चुकांवर पांघरूण घालायला पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा, मॅनिंगचा गुणांक, हाताशी असतो. तो 0.030 चा 0.035 केला, तर रुंद पात्रातल्या समप्रवाहात 20 मीटर खोलीचे पाणी सुमारे 22 मीटर होते. हा आकडा फिरवत पातळी मोजणाऱ्या गेजवरची रेघ आणि गणिताची रेघ एकावर एक बसली की मॉडेल करणाऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढते. या धंद्यातला सर्वांत मोठा अहंकार तोच. गेजपाशी दोन चुका एकमेकींना झाकतात. गेज नसलेल्या गावात त्या उघड्या पडतात.

हे प्रकरण कागदावरचे नाही. 1979 च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात सरदार सरोवराची महत्तम जलपातळी 140.21 मीटर होती. पुढे फुगवट्याचे गणित नव्याने मांडले गेले आणि मध्य प्रदेशातली 15,946 कुटुंबे बुडिताबाहेर ठरली. सप्टेंबर 2023 च्या पुरात धार आणि बडवानी जिल्ह्यांत बुडिताबाहेर धरलेल्या घरांतही पाणी शिरले.

पुरानंतर भिंतीवर उमटलेली पाण्याची खूण ही त्या जागेची खरी नोंद. चुना लागण्याआधी बेंचमार्कवरून तिची लेव्हल घ्यावी आणि मॉडेल तिच्याशी ताडून पाहावे. ती खूण न जुळवता काढलेल्या पातळीवर कुणाचे घर बुडिताच्या यादीतून वगळू नये.