काचेमागच्या कार्बनच्या सायकलीस



मायन्यालाच अडलो. वयाने लहान म्हणून ‘चि.’ लिहावं, तर तुझी किंमत बघून हात आपसूक ‘ती.’कडे वळतो. ३ लाख १० हजार! शेजारी उभी असलेली तुझी अ‍ॅल्युमिनियमची धाकटी बहीण १ लाख ८० हजारांची. गिअर दोघींना तेच, शिमानो १०५. डिस्क ब्रेक तेच. पुढचा फोर्क तर तिचाही कार्बनचा. म्हणजे वरचे १ लाख ३० हजार मुख्यतः तुझ्या फ्रेमचे आणि चाकांचे.

दुकानदाराने काट्याला अडकवून दाखवलं: तू ८.१ किलो, ती ९.५. तुला दोन बोटांवर उचललं आणि पाघळलो, हे कबूल. घरी येऊन हिशेब मांडला. गोळेवाडीपासून सिंहगडाच्या वाहनतळापर्यंत मला ७० मिनिटं लागतात. मी, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८८ किलोंचा ऐवज वर चढतो. त्यातून १.४ किलो उतरवले, तर वाचतं जेमतेम एक मिनिट. तेवढं तर मी वर मडक्यातलं दही घ्यावं की ताक, यातच घालवतो.

आणि चढावर तू मला सोपी जाशील असंही नाही. तू शर्यतीची. तुझ्या पुढच्या चकत्या ५२-३६ दात्यांच्या, मागची सगळ्यात मोठी ३४ची. सगळ्यात हलक्या गिअरवरही पायडलच्या एका फेऱ्यात तू सव्वादोन मीटर पुढे जातेस. धाकटीला पुढे ५०-३४ आणि मागे ३६. ती दोनच मीटर जाते. हा पाव मीटर सपाटीवर कुणी विचारत नाही. गडाच्या शेवटच्या वळणांवर मात्र गुडघे त्याचा पै-पैचा हिशेब मागतात.

तुझ्या ब्रेकच्या नळ्या हँडलच्या बेअरिंगमधून आत शिरतात. दिसायला काय सुरेख! पण पावसाळ्यात तिथे चिखलपाणी जाणार. बेअरिंग बदलायचं तर बहुतेक वेळा नळ्या सोडा, हँडल उतरवा, ब्रेकचं तेल पुन्हा भरा. धाकटीच्या नळ्या बाहेरून जातात, आमचा कोपऱ्यावरचा मेकॅनिक अर्ध्या तासात मोकळा होतो.

खोटं नाही बोलणार. चालवून बघताना पायडल दाबताच तू जशी झेपावलीस, तशी ती झेपावत नाही. मी शर्यतीत उतरणारा असतो, तर एव्हाना कर्जाचे हप्ते मोजत असतो. पण मी ब्रेवे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करणारा माणूस. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. गेल्या खेपेला माझा दीड तास मिसळ आणि चहातच गेला. तो परत मिळवून देणारी फ्रेम अजून निघायची आहे. खडबडीत रस्त्याचे हादरे म्हणशील, तर धाकटीत ३२ मिलिमीटरचं टायर बसतं, तुझ्यात २८च्या पुढे जागा नाही. हवा थोडी कमी ठेवली की मनगटांना कार्बन आठवतही नाही.

उरलेल्या पैशांतून आधी नीट मापं घेऊन सीट-हँडल बसवून घेणार, मग चांगली टायर आणि दिवा. बाकीचे बँकेत.

शनिवारी धाकटीला न्यायला येतोय. तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभी राहशील?

कळावे. लोभ आहेच, तो वृद्धिंगत न व्हावा, ही विनंती.

तुझा न झालेला,
एक पुणेकर सायकलवाला