किंडरडाइकच्या बांधावर

परदेशाहून आलेला माणूस तिकडच्या गोष्टी सांगू लागला, की ऐकणाऱ्याला जांभई येते हे मला ठाऊक आहे. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मीच ती अनेकदा दाबली आहे. तरीही हॉलंडातल्या एका दिवसाविषयी लिहायला बसलो आहे. कारण त्या दिवशी पवनचक्क्या पाहायला गेलो मी, पण खऱ्या अर्थाने त्या पाहिल्या आईने.

धाकटा भाऊ रॉटरडॅमला नोकरीला असतो. मे महिन्याच्या सुट्टीत आईला घेऊन मी त्याच्याकडे गेलो होतो. "हॉलंडात येऊन पवनचक्क्या न पाहता परत जाणं म्हणजे पंढरपुराहून विठोबा न बघता परतणं," असे म्हणून त्याने एका रविवारी आम्हांला बाहेर काढले. आईने नऊवारीवर त्याचा जाड कोट चढवला, पायांत सुनेचे बूट घातले आणि आम्ही इरॅस्मस पुलाजवळच्या धक्क्यावर जाऊन उभे राहिलो.

तिथून किंडरडाइकला बोट जाते. आईचे माहेर अलिबागकडचे, खाडीकाठचे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने जाण्यात तिचा अर्धा जन्म गेलेला. ही बोट पाणी कापत सुळकन निघाली तेव्हा ती म्हणाली, "छान आहे. पण हिला हलता येत नाही." दोन्ही काठांनी कारखाने, जहाजांचे गोदे आणि मालाच्या होड्या मागे पडल्या आणि अर्ध्या-पाऊण तासात आम्ही पोहोचलो.

इथल्या नदीचे नाव लेक. आईला ते फारच आवडले. गावाच्या नावाचा अर्थ मुलांचा बांध. १४२१ साली इथे महापूर आला. पूर ओसरल्यावर वाहत आलेला एक पाळणा बांधाशी लागला. त्यात बाळ होते आणि एक मांजर. पाळणा कलंडू लागला, की मांजर उडी मारून दुसऱ्या बाजूला जाई आणि तोल सावरी, अशी दंतकथा आहे. पूर मात्र दंतकथा नव्हे.

बांधावर चढलो आणि चित्र समोर उभे राहिले. सरळ रेषेत गेलेला कालवा, काठाने लव्हाळी आणि दुतर्फा पवनचक्क्या. एकूण १९. त्यांतल्या आठ विटांच्या, गोल, १७३८ सालच्या. समोरच्या आठ लाकडी, अष्टकोनी, गवताने शाकारलेल्या, १७४० सालच्या. १९९७ साली युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दिवाळीत भेट आलेल्या बिस्किटांच्या डब्यावर हे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले असते. मी मनातल्या मनात उपमा जुळवू लागलो.

एवढ्यात आईने विचारले, "यात दळतात काय?"

"काही दळत नाहीत," भाऊ म्हणाला. "पाणी उपसतात."

"मग चक्की कशाला म्हणता? हा तर रहाट!"

गेली वीस वर्षे मी पोरांना मराठी शिकवतो. पवनचक्की हा शब्द हजार वेळा माझ्या तोंडून गेला असेल. हॉलंडात वाऱ्यावर धान्य दळणाऱ्या, लाकूड कापणाऱ्या चक्क्याही आहेत. पण या १९ पिठाच्या नव्हेत, पाण्याच्या. मामाच्या वाडीतल्या रहाटाला रेडा जुंपलेला असे, इथे वारा जुंपला आहे. माझ्या उपमा तिथेच संपल्या.

त्यानंतर सगळे समजावून घेण्याचे काम आईनेच केले. भोवतालचा मुलूख समुद्राच्या पातळीहून खाली. बांधांनी वेढून पाण्यातून काढलेल्या अशा जमिनीला पोल्डर म्हणतात. पावसाचे आणि जमिनीतून झिरपणारे पाणी चरांतून कालव्यात येते. पण नदी वर आणि कालवा खाली. ते आपण होऊन नदीत जाणार कसे? म्हणून पवनचक्कीच्या पोटाशी फळ्यांचे मोठे चाक असते. ते खालच्या कालव्यातले पाणी मीटर-दीड मीटर उचलून वरच्या तलावात टाकते. तिथे ते साठते आणि नदीची पातळी उतरली, की दरवाजे उघडून लेकमध्ये सोडतात.

"म्हणजे उघाडी," आई म्हणाली. "ओहोटीला उघडायची, भरतीला लावायची. अरे, हे तर आपलं खारच की!"

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातला पाणी सोडण्याचा दरवाजा. आईच्या माहेरी खाडीला बांध घालून काढलेली खारजमीन होती. हिरव्या लव्हाळ्यांकडे पाहत ती थोडा वेळ गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "यात जिताडे असतील का रे?"

एक पवनचक्की आतून पाहता येते. खालच्या मजल्यावर चक्कीवाल्याचे बिऱ्हाड. भिंतीत कपाटासारखे बिछाने, इतके आखूड की माणसे अर्धवट बसून झोपत. डोक्यावर लाकडी दात्यांची चाके आणि त्यांची अखंड धडधड. वारा फिरला, की चक्कीवाला उठे, मागचे चाक वळवून सगळे डोके वाऱ्याकडे करी. वारा पडला, की पात्यांवर शिडाचे कापड पसरी. वादळ झाले, की गुंडाळी. रात्र असो, सण असो, वारा आला की कामाला लागायचे. पाती जमिनीलगत वीतभर अंतरावरून जातात, म्हणून पुढे कुंपण. बिऱ्हाडात लग्न असो की मयत, पाती कुठे थांबवली आहेत यावरून गावाला कळे. वरचे पाते शिखराच्या किंचित अलीकडे, तर आनंद. किंचित पलीकडे, तर दुःख.

आता खरे काम पंप करतात. वाफेचा पंप १८६८ साली आला, १९२४ साली त्याच जागी वीज आली. आज लोखंडी मळसूत्रे फिरून पाणी उचलतात. पण महायुद्धात इंधनाचा तुटवडा पडला, तेव्हा याच म्हाताऱ्या पुन्हा कामाला लागल्या होत्या. आजही त्या चालू स्थितीत ठेवलेल्या आहेत आणि त्यांच्यात माणसे राहतात.

या कामाला शेवट मात्र नाही. इथली जमीन पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची. ती कोरडी केली, की आकसते आणि खचते. खचली, की पाणी आणखी खोलवरून उपसावे लागते. जमीन वाचवण्याचा उपायच जमिनीला खाली नेतो. शेकडो वर्षे हे लोक हा न संपणारा व्यवहार निभावत आले आहेत.

परतीच्या बोटीत आई बोलू लागली. "१९९४ चा पाऊस आठवतो तुला? उधाणाला बांधाला खांड पडली ती?" मला आठवत होते. पूर्वी खांड पडली, की घरटी एक माणूस चिखल घेऊन बांधावर धावे. त्या रात्री मामाने हाका मारल्या, तेव्हा गावात म्हातारेच होते. बाकीचे मुंबईला नोकऱ्यांवर. त्यांत माझे वडीलही होते. चौघांनी पहाटेपर्यंत चिखल टाकला. भरतीने तो नेला. खारातला तांबडा भात गेला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथे तिवरे उगवली. मामा पुढे कधी त्या बाजूला फिरकला नाही.

"इथे बांधावर जायची पाळी कुणाची असते?" आईने विचारले.

भाऊ हसला. "माझी! या देशात पाण्याची वेगळी मंडळं आहेत, सरकारपेक्षा जुनी. आज अशी २१ आहेत. दर चार वर्षांनी त्यांची निवडणूक होते, आणि बांधांसाठी, पंपांसाठी ती वेगळा कर घेतात. मी राहतो भाड्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर. माझ्या घरात पाण्याचा थेंब शिरत नाही, तरी दरवर्षी बिल येतं!"

"म्हणूनच शिरत नाही," आई म्हणाली.

भाऊ काही बोलला नाही, मीही बोललो नाही. आई कोटाच्या खिशात हात घालून मागे सरणाऱ्या बांधाकडे पाहत होती. रॉटरडॅमचा पूल दिसू लागला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बिल वेळेवर भरत जा हो."